८३ डेसिबल की ९५? घरात ऐकण्यासाठी स्पीकर निवडताना

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



आजचा भाग एका पत्रामुळे करतोय. ठाण्याचे एक श्रोते आहेत, नुकतेच निवृत्त झालेत. आयुष्यभर ऐकणं झालं ते रेडिओवर, कॅसेटवर, नंतर मुलाच्या कॉम्प्युटरवर. आता एकदाच, नीट, मनासारखे स्पीकर घ्यायचे असं त्यांनी ठरवलंय. खोली साधारण दहा बाय चौदाची. घरात ५० वॅटचा एक साधा, चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर आहे. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत, थोडी जुनी सिनेमाची गाणी.

दुकानात त्यांनी दोन जोड ऐकले. पहिला लहान, शेल्फवर मावणारा, सेन्सिटिव्हिटी ८३ डेसिबल. दुसरा कमरेएवढा उंच, मोठा वूफर, वर हॉर्नचा ट्वीटर, सेन्सिटिव्हिटी ९५ डेसिबल. किंमत पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट. त्यांना पहिल्यावरचा गळा जास्त खरा वाटला. पण विक्रेता म्हणाला, "काका, हे स्पीकर तुमच्या ५० वॅटवर उघडणारच नाहीत. याला २०० वॅट लागतात. त्यापेक्षा हा दुसरा घ्या, याच्याबरोबर ८ वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प घ्या, बघा कसा बोलतो."

म्हणजे एकीकडे नवा २०० वॅटचा ॲम्प, दुसरीकडे तिप्पट किमतीचे स्पीकर आणि वर व्हॉल्व्हचा ॲम्प. काकांचा प्रश्न साधा आहे: "यातलं खरं काय? पैसे एकदाच खर्च करायचे आहेत."

उत्तर शेवटी देतो. आधी हिशोब करू, म्हणजे ते उत्तर तुमच्या खोलीलाही लावता येईल.

८३ आणि ९५ म्हणजे नेमकं काय

आपण गाडी घेताना विचारतो ना, ॲव्हरेज किती देते? सेन्सिटिव्हिटी हा स्पीकरचा ॲव्हरेज आहे. स्पीकरला एक ठरावीक व्होल्टेज द्यायचं, २.८३ व्होल्ट, आणि एक मीटरवर आवाज किती येतो तो मोजायचा. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट.

इथे एक बारीक गोम आहे. स्पीकर ४ ओहमचा असेल तर त्याच २.८३ व्होल्टला तो २ वॅट खातो. म्हणजे कागदावर ८८ लिहिलेला ४ ओहमचा स्पीकर वॅटच्या हिशोबात ८५ चाच. आकडे ताडताना ओहमचा आकडाही बघायचा.

आता डेसिबलचं गणित. तीनच गोष्टी लक्षात ठेवा. ३ डेसिबल जास्त हवे तर वॅट दुप्पट. १० डेसिबल जास्त हवे तर वॅट दहापट. आणि कानाला आवाज साधारण "दुप्पट मोठा" वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. ३ डेसिबलचा फरक म्हणजे "हं, थोडा वाढला" इतकाच.

काकांच्या दोन स्पीकरमध्ये १२ डेसिबलचा फरक आहे. १२ डेसिबल म्हणजे सोळापट वॅट. ज्या आवाजाला ९५ वाला १ वॅट घेईल, त्याला ८३ वाला १६ घेईल. हा फरक खोटा नाही. विक्रेत्याचं इतकं म्हणणं बरोबर आहे.

आणि २०० वॅटचं काय? ५० वरून २०० वर गेलात तर मिळतात फक्त ६ डेसिबल. हेही लक्षात असू द्या.

मग सगळे स्पीकर ९५ चे का करत नाहीत?

हा खरा प्रश्न. कारण फुकट काहीच मिळत नाही.

ढोबळमानानं ९२ डेसिबलचा स्पीकर विजेच्या १ टक्का ऊर्जेचा आवाज करतो. फक्त एक टक्का! बाकी ९९ टक्के कॉइलमध्ये उष्णता होऊन जाते. ८३ वाला तर हजारातला जेमतेम एक भाग आवाजात बदलतो. ऐकायला हे फार वाईट वाटतं. पण ती कार्यक्षमता कशाच्या बदल्यात दिली आहे ते बघा.

स्पीकरच्या पेटीचा एक नियम आहे. होफमन नावाचे अमेरिकन अभियंते होते, केएलएच या कंपनीच्या नावातला "एच" म्हणजे तेच. त्यांच्या नावानं हा नियम ओळखला जातो. खर्ज खोलवर हवा, पेटी लहान हवी, कार्यक्षमता जास्त हवी: या तिन्हीतल्या दोन निवडा, तिसरी सोडा.

आणि हा नियम कडक आहे. कार्यक्षमता तीच ठेवून खर्ज एक सप्तक खाली न्यायचा असेल, तर पेटी आठपट मोठी करावी लागते. २० लिटरची पेटी १६० लिटरची होते, म्हणजे जवळजवळ घरगुती फ्रिजएवढी. पेटी तीच ठेवून खर्ज सप्तकभर खाली हवा असेल, तर कार्यक्षमता आठव्या हिश्शावर येते, म्हणजे ९ डेसिबल जातात.

म्हणून लहान, कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर "आळशी" किंवा "कच्चा" असतो असं समजू नका. त्यानं लहान पेटीत जमेल तितका खर्ज द्यायचं ठरवलं आणि त्याची किंमत वॅटमध्ये मोजली. उंच सेन्सिटिव्हिटीवाल्यानं ती किंमत आकारात मोजली, नाहीतर खर्जात.

अजून एक. हॉर्न, म्हणजे आपला कर्णा, आवाज एका दिशेला गोळा करून फेकतो. समोर मोजलं की आकडा मोठा येतो. त्यातला काही भाग खऱ्या कार्यक्षमतेचा असतो, काही भाग नुसता दिशेचा. गणपतीच्या मंडपाचा भोंगा समोर उभं राहिलं की कान फाडतो आणि बाजूला गेलं की एकदम कमी लागतो, तो याचमुळे.

दोन परंपरा कुठून आल्या

हा वाद आजचा नाही. बोलपट आले तेव्हा ॲम्प्लिफायरची ताकद अगदी मर्यादित होती आणि थिएटर मोठं. तेव्हा हॉर्नशिवाय पर्यायच नव्हता. घरातही तेच. आपल्याकडचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवा. आतला ॲम्प जेमतेम ३-४ वॅटचा. पण हलक्या कागदी कोनाचा मोठा स्पीकर, लाकडी पेटी, मागून उघडी. सकाळच्या बातम्या शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जायच्या. खोल खर्ज नव्हता, पण त्याची कुणाला गरजही वाटत नव्हती.

१९४६ मध्ये अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी क्लिप्शहॉर्न बाजारात आणला. सेन्सिटिव्हिटी सुमारे १०५ डेसिबल. त्यांची युक्ती छान होती: खर्जाचा हॉर्न फार मोठा लागतो, मग खोलीच्या कोपऱ्यातल्या दोन भिंतीच हॉर्नचा पुढचा भाग म्हणून वापरायच्या. स्पीकर माणसाच्या छातीएवढा उंच आणि तो कोपऱ्यातच ठेवायचा. आजही तो बनतो. पण आपल्या फ्लॅटमध्ये एकाच भिंतीचे दोन मोकळे कोपरे शोधून दाखवा! एकात दार, दुसऱ्यात कपाट.

उलट बाजूनं, १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीनं एआर-१ आणला. बंद पेटी, आतली हवाच स्प्रिंगसारखी वापरायची. लहान खोक्यातून इतका खोल खर्ज लोकांनी ऐकला नव्हता. किंमत? कार्यक्षमता. त्या काळात वॅट महाग होते, तरी लोकांनी तो सौदा मान्य केला. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले आणि घरगुती स्पीकर बहुतेक त्याच वाटेनं गेले.

आणि याच वाटेवरचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बीबीसीचा एलएस३/५ए. १९७० च्या दशकातला. बाहेरच्या कार्यक्रमांच्या गाडीत, अगदी अरुंद जागेत ध्वनिमुद्रण तपासायला केलेला. चपलांच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा, सेन्सिटिव्हिटी ८२-८३ डेसिबल. बोलण्याचा आवाज खरा वाटला पाहिजे ही त्याची पहिली अट होती. आजही लोक तो शोधत फिरतात.

म्हणजे बघा, ८३ चा स्पीकर लहान खोलीसाठी, जवळून ऐकण्यासाठी आणि माणसाच्या गळ्यासाठी केलेला असू शकतो. काकांना त्यावर गळा खरा वाटला, यात आश्चर्य काहीच नाही.

आता आपल्या खोलीचा हिशोब

काका स्पीकरपासून अडीच मीटरवर बसणार, म्हणजे आठेक फूट. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरावर ८ डेसिबल कमी झाले असते. खोलीत भिंती मदत करतात, म्हणून ५ धरू. दोन स्पीकर आहेत, त्याचे ३ अधिक. ८३ वजा ५ अधिक ३, म्हणजे ८१. प्रत्येक स्पीकरला १ वॅट दिला की बसल्या जागी ८१ डेसिबल.

८१ म्हणजे किती? एक मीटरवरचं आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. घरात मन लावून, जरा मोठ्यानं ऐकायचं तर सरासरी ७५ पुष्कळ झाले. त्याला ८३ वाल्याला लागतो पाव वॅट. हो, पाव.

पण संगीत सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप, तिहाईची सम, तारषड्जावर लागलेला आवाज, हे क्षण चांगल्या ध्वनिमुद्रणात सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जातात. वाईटात वाईट म्हणून २० धरू. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. पाव वॅट गुणिले शंभर, २५ वॅट. घरचा ॲम्प ५० चा. झालं! वर दुप्पट शिल्लक आहे.

रात्री दहानंतर ऐकायचं असेल तर? सरासरी ६५ पुरे. तिथे लागतो वॅटचा चाळिसावा भाग. तसंही आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, दिवसाची ५५. सोसायटीत राहणाऱ्या माणसाला ताकद कमी पडण्याआधी शेजारी कमी पडतात.

आता हाच हिशोब दुसऱ्या घरात करू. गावाकडचं मोठं घर, तीस फुटी दिवाणखाना, चार मीटरवर बसणं, आणि मालकाला पखवाज समोर वाजतोय असं वाटायला हवं: सरासरी ८५, शिखर १०५. ८३ वाला तिथे १ वॅटला साधारण ७९ देईल. १०५ ला पोचायला २६ डेसिबल हवेत, म्हणजे चारशेपट, ४०० वॅट. तो लहान स्पीकर ते सहनच करणार नाही, कॉइल जळेल किंवा कोन पुढे-मागे आपटेल. ९५ वाल्याला तिथे २५ वॅट पुरतात. त्या घरात मी डोळे मिटून ९५ वाला सांगेन.

प्रश्न "कुठला चांगला" असा नाहीच. तुमची खोली किती, तुम्ही किती मोठ्यानं ऐकता, आणि स्पीकरला जागा किती देऊ शकता, हे तीन आकडे ठरवतात.

घरीच मोजून बघा

यासाठी एक सोपा प्रयोग सांगतो. फक्त ट्रान्झिस्टर ॲम्पवर करायचा. व्हॉल्व्हच्या ॲम्पवर मुळीच नाही, कारण स्पीकर न जोडता तो चालवला तर बिघडू शकतो.

तुमच्या आत्ताच्या स्पीकरवर आवडीचं ध्वनिमुद्रण लावा आणि तुम्ही कधीही जितक्या मोठ्यानं ऐकाल तिथवर आवाज वाढवा. आता त्या खुंटीला हात लावायचा नाही. गाणं थांबवा, ॲम्प बंद करा, स्पीकरच्या वायरी काढा. मग ॲम्प सुरू करून १०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा चाचणीस्वर लावा, इंटरनेटवर सहज मिळतो. इलेक्ट्रिशियनकडे असतो तो मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. काढलेल्या वायरींची टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

आकड्याचा वर्ग करा, ८ नं भागा. ५ व्होल्ट आले तर जेमतेम ३ वॅट. १० आले तर साडेबारा. २० आले तर ५०. तुमच्या ऐकण्यात जास्तीत जास्त इतकीच ताकद लागू शकते. नवा स्पीकर आत्ताच्यापेक्षा ५ डेसिबलनं कमी सेन्सिटिव्ह असेल तर त्याला तिपटीनं गुणा. आपण २०० वॅटच्या गप्पा मारतो आणि मीटर ३ वॅट दाखवतो, असं बऱ्याच घरांत निघेल.

९५ वाल्याची खरी बाजू

आता दुसऱ्या बाजूचंही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. जास्त सेन्सिटिव्हिटीचा चांगला स्पीकर ऐकला की एक मोकळेपणा जाणवतो. कारणं आहेत. कॉइल तापत नाही. तांब्याचं तापमान १०० अंशांनी वाढलं की त्याचा रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो आणि आवाज जवळजवळ ३ डेसिबलनं दबतो. सतत मोठ्यानं वाजवणाऱ्याला हे कळतं. पाव वॅटवर ऐकणाऱ्याच्या घरी कॉइल कोमटसुद्धा होत नाही.

शिवाय ज्याला व्हॉल्व्हच्या आवाजाचीच ओढ आहे, १९३० च्या दशकातल्या ३००बी व्हॉल्व्हचा ८ वॅटचा ॲम्पच हवा आहे, त्याला ९५ च्या आसपासचाच स्पीकर घ्यावा लागतो. तिथे निवड ॲम्पनं केलेली असते.

पण त्याचे त्रासही आहेत. ॲम्पची बारीक सुरसुर आणि घुं असा आवाज १२ डेसिबलनं मोठा होतो. तानपुरा सुरू होण्याआधीच्या शांततेत तो ऐकू येतो. आवाजाची खुंटी अगदी तळाशी ठेवावी लागते, आणि तिथे बऱ्याच ॲम्पमध्ये डावा-उजवा सारखा नसतो. आणि मोठ्या हॉर्नच्या स्पीकरला जवळून ऐकलं तर वूफर वेगळा, ट्वीटर वेगळा असे तुकडे ऐकू येतात. सगळं एकजीव व्हायला थोडं अंतर लागतं. दहा बाय चौदामध्ये ते अंतर कुठून आणणार?

आपल्या संगीताला खर्ज किती लागतो

पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो १३८ हर्ट्झच्या जवळ येतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९. गायिकेची पट्टी काळी चार-पाच असली तर खर्ज १०० च्या वरच राहतो. आणि तानपुऱ्याची सगळी जादू वरच्या स्वरांशांत असते, जवारीत. म्हणजे साधारण ७० पर्यंत नीट उतरणारा लहान स्पीकर ख्यालाला पुरतो. डग्ग्याचं भरलेपण थोडं कमी मिळेल, तेवढं मान्य करायचं. पियानोचा सगळ्यात खालचा स्वर २७.५ हर्ट्झ आहे. त्यासाठी किंवा चर्चच्या ऑर्गनसाठी घेणार असाल तर गोष्ट वेगळी.

दुकानात फसायचं नसेल तर

शेवटचा मुद्दा, आणि पैशांच्या दृष्टीनं हाच सगळ्यात मोलाचा.

दुकानात ॲम्पची खुंटी न हलवता एका जोडावरून दुसऱ्यावर जातात. १२ डेसिबल जास्तीचा स्पीकर एकदम दुपटीहून मोठा लागतो. आणि आपला कान असा आहे की थोडा मोठा आवाज "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो: जास्त स्वच्छ, जास्त जिवंत, खर्ज जास्त. एक-दोन डेसिबलनंही हे होतं, मग बाराचं काय घेऊन बसलात!

म्हणून फोनवर आवाज मोजायचं एखादं ॲप घ्या. ते अचूक नसलं तरी चालेल, आपल्याला फक्त तुलना हवी आहे. बसायच्या जागी फोन ठेवा, पहिल्या स्पीकरवर पिंक नॉइझ लावा, आकडा बघा. दुसऱ्यावर खुंटी फिरवून तोच आकडा आणा. मग तुमचं गाणं लावा, तुमच्या ओळखीचा गळा. विक्रेत्यानं लावलेला गिटारचा तुकडा नको. आणि त्याला विनंती करा, "दहा मिनिटं आम्हाला एकटं ऐकू द्या."

काकांचं उत्तर

तर काका, सरळ सांगतो. तुमची खोली, तुमचं अंतर, तुमचं गाणं आणि घरचा ५० वॅट, या चारही गोष्टी पहिल्या, ८३ वाल्या स्पीकरच्या बाजूनं आहेत. २०० वॅट तुम्हाला लागत नाहीत. घेण्याआधी दोन गोष्टी करा. मल्टिमीटरचा प्रयोग घरी करा, आणि दुकानदार तयार असेल तर स्पीकर एक दिवस घरी आणून तुमच्याच ॲम्पवर ऐका. आवाज सारखा करून, ओळखीचं गाणं लावूनही ९५ वालाच मनात भरला, तर तो घ्या. पण मग तो ५० वॅटवरही मजेत चालेल, व्हॉल्व्हचा ॲम्प घ्यायची सक्ती नाही.

उरलेल्या पैशांतून दोन भक्कम स्टँड घ्या, कानाच्या उंचीला ट्वीटर येईल असे. स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढा. आणि बाकीच्या पैशांची ध्वनिमुद्रणं घ्या.

पुढच्या भागात खोलीबद्दल बोलू: पडदे, गाद्या, पुस्तकांचं कपाट, आणि कडप्प्याच्या फरशीवर टाळी वाजवली की जो आवाज येतो त्याचं काय करायचं. मल्टिमीटरचा प्रयोग केलात तर तुमचा आकडा नक्की कळवा. खोलीचं माप आणि स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बरोबर लिहा, म्हणजे सगळ्यांनाच त्याचा उपयोग होईल.

भेटू या. नमस्कार.